नाव नसलेली माणसे, दहा मिनिटांची रिळे: जुन्या अमेरिकन लघुपटांच्या एका संचाचे परीक्षण

बेळगावच्या शहापुरातील आमच्या वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण जमतो, भिंतीवर पांढरी चादर ताणतो आणि जुने चित्रपट पाहतो. गेल्या हिवाळ्यातील तीन बैठका आम्ही एकाच संचासाठी राखून ठेवल्या होत्या. १९३० ते १९५० या काळात अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी जगातील अजब गोष्टी आणि अजब माणसे यांच्यावरचे दहा-दहा मिनिटांचे लघुपट दाखवले जात. त्यांपैकी काही निवडून एका विक्रेत्याने तीन डिस्कांत एकत्र केले आहेत आणि तो संच टपालाने घरपोच मिळतो. वाचनालये, शाळा आणि हौशी रसिक यांनी तो घ्यावा का, असे मला तिन्ही बैठकांनंतर अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. संच घेण्यासारखा आहे. मात्र तो पाहताना निवेदकाच्या आवाजापेक्षा पडद्यावरच्या माणसाच्या हातांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि संकलन करणाऱ्याने स्वतः ते फारसे दिलेले नाही.

आपल्याकडे ज्यांनी १९८० च्या आधी थिएटरात चित्रपट पाहिले आहेत, त्यांना मुख्य चित्रपटाच्या आधीची ती दहा-पंधरा मिनिटे चांगली आठवत असतील. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आणि माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि पूर, धरणे, कारखाने व पाहुणे पंतप्रधान हे सारे आम्ही शेंगा सोलत पाहिले. अमेरिकेत ही जागा सरकारने घेतली नव्हती. तिथे ती स्टुडिओंच्या हातात होती आणि तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला गंमत वाटली पाहिजे, हा एकच नियम तिथे चालत असे. म्हणूनच तिथे आश्चर्याचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला.

त्या बाजारातील सर्वांत मोठे नाव रॉबर्ट रिप्ली यांचे. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे १८९० साली जन्मलेला हा मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या 'ग्लोब' या दैनिकात खेळांची व्यंगचित्रे काढू लागला. १९ डिसेंबर १९१८ या दिवशी त्यांनी खेळाडूंच्या विचित्र विक्रमांचे एक चित्र छापले आणि तिथून 'बिलीव्ह इट ऑर नॉट', म्हणजे विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, या सदराची सुरुवात झाली. सदर इतके लोकप्रिय झाले की वॉर्नर ब्रदर्सच्या व्हायटाफोन शाखेने १९३० ते १९३२ या काळात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आपल्या स्टुडिओत त्यांना घेऊन सुमारे दोन डझन लघुपट काढले. रिप्लींचे यश पाहून इतरही पुढे आले. जॉन हिक्स या तरुण व्यंगचित्रकाराच्या 'स्ट्रेंज ॲज इट सीम्स' या सदरावरून युनिव्हर्सलने लघुपट काढले, आणि १९३७ पासून १९४९ पर्यंत पॅरामाउंटने 'अनयुज्वल ऑक्युपेशन्स' ही जगावेगळ्या उद्योगांची रंगीत मालिका चालवली. आमच्या संचातील पहिली डिस्क रिप्लींची आहे, दुसरी उद्योगांची, आणि तिसऱ्या डिस्कमध्ये वृत्तपटांचे तुकडे व ओळख हरवलेली रिळे आहेत.

पडद्यावरचे रिप्ली पाहून आमच्या बैठकीतील बहुतेकांना आश्चर्य वाटले, कारण एवढ्या गाजलेल्या माणसाकडून सगळ्यांनी थोडी ऐट अपेक्षिली होती. पुढे आलेले दात, बोलताना अडखळण्याची खोड आणि कॅमेऱ्यासमोर उघड दिसणारा संकोच, हे सारे तिथे जसेच्या तसे आहे. ते कागद लावलेल्या फळ्यासमोर उभे राहतात, काळ्या खडूने चित्र काढत काढत एखादी गोष्ट सांगतात, आणि भोवतालची नटमंडळी त्यांना खोदून खोदून प्रश्न विचारते. ती मंडळी फार वाईट अभिनय करतात. परंतु खडू कागदावर फिरू लागला की रिप्लींचा संकोच पार मावळतो, आणि चार रेघांत एक चेहरा उभा राहताना पाहणे हे या डिस्कचे खरे सुख आहे. माझ्या मते निवेदनाची सफाई असलेल्या पुढच्या लघुपटांपेक्षा हे ओबडधोबड लघुपट सरस आहेत, कारण इथे आश्चर्य सांगणारा माणूस स्वतः समोर उभा राहून त्या विधानाची जबाबदारी घेतो.

त्यांच्या विधानांची जातही समजून घेण्यासारखी आहे. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक महासागर विमानाने ओलांडला आणि सारे जग त्यांना पहिला मानू लागले, तेव्हा रिप्लींनी आपल्या चित्रात छापले की, न थांबता अटलांटिक ओलांडणारे लिंडबर्ग हे सदुसष्टावे आहेत. हजारो वाचकांनी चिडून पत्रे लिहिली. मी ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा इथेही तसाच गलका झाला, म्हणून भिंतीशेजारच्या फळ्यावर रिप्लींचा हिशोब मांडला: १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन हे दोघे विमानाने गेले, त्याच वर्षी 'आर-३४' या वायूवर तरंगणाऱ्या ब्रिटिश हवाईजहाजातून एकतीस जण गेले, आणि १९२४ साली एका जर्मन हवाईजहाजातून तेहतीस जण गेले. दोन, एकतीस आणि तेहतीस मिळून सहासष्ट. विधान खरे आहे. 'एकट्याने' हा शब्द गाळला की ते अविश्वसनीय होते आणि घातला की साधे होते. गाळलेल्या एका शब्दावर आश्चर्य उभे करण्याची ही पद्धत शाळेत शिकवावी अशी आहे, आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून खानापूर तालुक्यात जी वर्षे काढली त्या काळात ही डिस्क हाताशी असती तर मी ती नक्की वर्गात नेली असती.

सगळीच विधाने अशी टिकत नाहीत. जगातील सारे चिनी चार-चारच्या रांगेने एका ठिकाणावरून चालत गेले तर ती रांग कधीच संपणार नाही, हे रिप्लींचे अतिशय गाजलेले विधान. आमच्याकडील बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने ते तिथल्या तिथे कागदावर तपासले. सेकंदाला एक रांग धरली तर दिवसाला ३,४५,६०० माणसे जातात. रोज आठच तास चालणे झाले तरी वर्षाला सुमारे चार कोटी वीस लाख जातात. त्या काळची लोकसंख्या पंचेचाळीस कोटींच्या आसपास धरली आणि दर हजारी पस्तीस जन्म धरले, तर वर्षाला दीड कोटींहून थोडी अधिक मुले जन्मतात, म्हणजे रांग काही वर्षांत संपलीच पाहिजे. रांग न संपण्यासाठी लोकसंख्या बरीच अधिक आणि चाल बरीच मंद धरावी लागते. अशा विधानांपुढे तपासणीची एक ओळ तरी संकलकाने संचासोबतच्या पुस्तिकेत द्यायला हवी होती.

इथे एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. रिप्ली जगभर फिरत आणि आपण हे सारे स्वतः शोधून आणतो असे लोकांना वाटू देत, परंतु त्यांच्या सदराचा मोठा भाग नॉर्बर्ट पर्लरॉथ या बहुभाषी संशोधकाने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून काढलेला असे. १९२३ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे रिप्ली १९४९ साली वारल्यानंतरही सव्वीस वर्षे, हा माणूस ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पुस्तके उलटत राहिला. वाचनालयाच्या माडीवर बसून हे लघुपट पाहणाऱ्या आम्हा लोकांना त्याच्याविषयी जिव्हाळा वाटणे साहजिक होते. आमच्या ग्रंथपालबाईंनी पुस्तिकेची पाने दोनदा चाळली आणि त्याचे नाव कुठेही नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजातील नाराजी स्पष्ट कळत होती.

संचाच्या तांत्रिक बाजूविषयी मी स्वतःच्या भरवशावर लिहिणार नाही. आमच्याबरोबर एक काका येतात, ज्यांनी तरुणपणी निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागात टुरिंग टॉकीजबरोबर ऑपरेटर म्हणून हिंडून पुढे बेळगावात एका थिएटरच्या केबिनमध्ये उभी हयात घालवली. त्यांच्या उजव्या अंगठ्याची बाजू अजून गुळगुळीत आहे. तुटलेली फिल्म जोडण्याआधी तिच्यावरचा लेप खरवडून त्या जागी सिमेंट लावायचे आणि अंगठ्याने दाबून धरायचे, हे चाळीस वर्षे केल्याची ती खूण. पहिल्या डिस्कमधील दुसरा लघुपट सुरू होऊन मिनिटही झाले नसेल, तोच काका म्हणाले, "आवाज पातळ लागतोय, पट्टी पळवलेली आहे." तपासून पाहिले तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबर ठरले. सेकंदाला चोवीस चित्रांनी चालणारी फिल्म आपल्याकडील टीव्हीच्या पद्धतीनुसार सेकंदाला पंचवीस चित्रांवर चढवली की ती चार टक्के वेगाने धावते, दहा मिनिटांचा लघुपट नऊ मिनिटे छत्तीस सेकंदांत आटोपतो आणि पुरुषाचा आवाज किंचित बारीक होतो. पहिल्या डिस्कवरील निम्म्या लघुपटांत हा दोष आहे.

व्हायटाफोनची मूळ पद्धत समजावून सांगताना काका विशेष रंगले. त्या पद्धतीत आवाज फिल्मवर नसे, तो सोळा इंची तबकडीवर असे. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फेरे घेई, सुई आतून बाहेर जाई, आणि एक बाजू साधारण अकरा मिनिटे चाले, कारण हजार फुटांचे एक रीळही तेवढाच वेळ चालते. लघुपट दहा मिनिटांचेच का, याचे उत्तर असे त्या यंत्रातच आहे. फिल्म मध्येच तुटली तर जितकी चित्रे गेली तितकीच काळी चित्रे जोडावी लागत, नाहीतर माणसाचे ओठ आणि आवाज यांची फारकत होई. साधारण वीस वेळा वाजवली की तबकडी बाद धरावी लागे, म्हणून तिच्या लेबलावर प्रत्येक खेळाला खूण करण्यासाठी चौकोन छापलेले असत. पुढे चित्र एका ठिकाणी आणि तबकडी भलत्याच ठिकाणी अशी यातील पुष्कळ लघुपटांची गत झाली, आणि १९९१ पासून 'व्हायटाफोन प्रोजेक्ट' या नावाने काही संग्राहक या विखुरलेल्या जोड्या पुन्हा जुळवत आले आहेत. हे ऐकल्यावर माडीवरच्या मंडळींनी खरखरीकडे तक्रारीने पाहणे सोडून दिले.

दुसऱ्या डिस्कविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ती निर्विवाद चांगली आहे. जगावेगळे उद्योग करणारी माणसे, त्यांची हत्यारे आणि त्यांचे हात, एवढाच तिचा विषय. रंग उडालेले आहेत, तांबूस झाक सर्वत्र पसरली आहे, परंतु कॅमेरा जवळ जातो आणि काम पूर्ण होईपर्यंत हलत नाही. हे पाहताना मला सारखे आपल्या बेळगावचे मांडे करणारे आठवत होते. रवा आणि मैद्याचा तो तलम गोळा मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर खेळवत खेळवत पसरत जातो, त्याच्यातून पलीकडची जाळाची झळाळी दिसू लागते, आणि मग तो अलगद उपड्या तापल्या खापरावर टाकला की क्षणभर वर फुगून पुन्हा बसतो. पिठीसाखर, वेलची, तूप पसरून गरम असतानाच घडी घातली नाही तर तो मोडतो, आणि घडी घालायला मिळणारा वेळ एका श्वासाइतकाच असतो. पॅरामाउंटच्या त्या कॅमेऱ्यापुढे हे काम झाले असते तर दहा मिनिटे कमी पडली असती. आपल्याकडे या कारागिरांचे असे दहा मिनिटांचे रीळ कुणी करून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि ही डिस्क पाहिल्यापासून ती रुखरुख मनातून जात नाही.

आता तिसऱ्या डिस्ककडे येतो, कारण या संचाचे मोल आणि त्याचा अपराध दोन्ही तिथे आहेत.

तिच्यावरील चौथ्या लघुपटाची सुरुवातीची पट्टी नष्ट झाली आहे, त्यामुळे तो कोणत्या मालिकेतील हे कळत नाही. जन्मतः दोन्ही हात नसलेली, साधारण तिशीची एक बाई खुर्चीवर बसली आहे. तिने पायातील चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या आहेत. उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तिने सुई धरली आहे, डाव्या पायात दोरा, आणि ती सुईत दोरा ओवते आहे. पहिल्यांदा दोरा नेढ्याच्या बाजूने सरकतो. दुसऱ्यांदा टोक दुमडते. तिसऱ्यांदा तो आत जातोसा वाटतो आणि मागे येतो. मग ती पाय वर उचलून दोऱ्याचे टोक ओठांपर्यंत नेते, पुन्हा खाली आणते, आणि चौथ्या वेळी दोरा पार जातो. हे सारे पन्नास-पंचावन्न सेकंदांत घडते आणि तेवढा वेळ निवेदक सतत विनोद करत असतो. दोरा ओवून झाल्यावर ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. डाव्या पायाने झग्याची कड सारखी करते आणि शिवणकामाला लागते. पुढच्याच क्षणी चित्र बदलते आणि दुसराच कुणी माणूस येतो. तिचे नाव एकदाही सांगितलेले नाही, तिचे गाव नाही, ती काय शिवते आहे तेही नाही. तिला एक वाक्य बोलू दिलेले नाही.

मी लहान असताना वडिलांबरोबर वडगावच्या मंगाई जत्रेला जात असे. एका वर्षी तिथल्या तंबूत धड नसलेली, बोलणारी मुंडी पाहिली. मेजावर ताटात ठेवलेले एका मुलीचे डोके लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते आणि मेजाखाली पलीकडचा पडदा स्वच्छ दिसत होता. मेजाच्या पायांमध्ये तिरके आरसे बसवले की ते बाजूचा पडदा दाखवतात आणि पाहणाऱ्याला तो मागचाच वाटतो, हे मला पुढे प्रकाशाचे परावर्तन शिकवताना उलगडले. त्या दिवशी मात्र मी घाबरून तंबूच्या मागे पळालो. थोड्या वेळाने तीच मुलगी, माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी, तंबूच्या कनातीखालून बाहेर आली, अवघडलेले गुडघे दोन्ही हातांनी चोळत खाली बसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "नीर कोडरी." ती पाणी मागत होती. ताटातल्या मुंडीने दिलेले एकही उत्तर आज मला आठवत नाही, पण तो पाणी मागणारा आवाज आठवतो. हे लघुपट पाहताना मी प्रत्येक वेळी तंबूच्या मागच्या बाजूला जाऊ पाहत होतो, आणि निवेदक मला पुन्हा पुन्हा पुढच्या दाराशी आणून उभे करत होता.

भारतीय प्रेक्षकाला हा अडथळा आणखी एका ठिकाणी जाणवतो. रिप्ली १९२३ साली भारतात आले होते आणि बनारसच्या घाटांवरचे साधू त्यांनी पुढे अनेकदा चित्रांतून दाखवले. वर्षानुवर्षे हात वर धरून तो वाळवून टाकणारा साधू अमेरिकन प्रेक्षकाला केवळ एक विचित्र देह वाटला असेल. आपल्या भाषेत त्याला ऊर्ध्वबाहू असा शब्द आहे, म्हणजे त्या हातामागे एक व्रत आहे, संकल्प आहे, आणि त्या साधूला ओळखणारे गुरुबंधू आहेत. ते व्रत पटो वा न पटो, नाव कळताच पाहणाऱ्याची नजर बदलते. साधूंच्या त्या चित्रापाशी आमच्या बैठकीतील एका आजींनी नकळत हात जोडले.

नाव असले म्हणजे काय होते, हे याच डिस्कवरील रॉबर्ट वॅडलो यांच्या वृत्तपटांत दिसते, आणि संपूर्ण संचात मला सर्वाधिक मोलाचा तोच भाग वाटतो. इलिनॉय राज्यातील ऑल्टन गावचा हा तरुण २२ फेब्रुवारी १९१८ रोजी जन्मला. मेंदूखालील पीयूषिका ग्रंथी प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे तिचे वाढीचे स्राव थांबले नाहीत आणि त्याची उंची ८ फूट ११.१ इंचांवर, म्हणजे २७२ सेंटिमीटरवर पोचली. त्याचा बूट साडेअठरा इंच लांब होता. वृत्तपटांत तो दारातून वाकून बाहेर येतो, चौकटीला हात लावून तोल सावरतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहून हसतो. त्याच्या अंगावर साधा कोट आहे, आणि तो कोट योगायोगाने आलेला नाही. एका मोठ्या सर्कशीबरोबर करार करताना त्याने अट घातली होती की आपण रिंगणाच्या मध्यभागी रोजच्या पोशाखात उभे राहू, लांब शेपटांचा कोट आणि उंच टोपी घालणार नाही, आणि बाजूच्या तंबूत, जिथे विचित्र देह दाखवले जातात तिथे, पाऊल ठेवणार नाही. १९३७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या स्वभावाचे अपमानास्पद वर्णन छापले गेले, तेव्हा हे कुटुंब न्यायालयात गेले. तिथे त्यांना यश आले नाही.

त्याच्या पायांना संवेदना फार कमी होती. चालण्यासाठी बांधलेल्या आधारपट्टीने घोट्याला फोड आला, तो चिघळला, आणि १५ जुलै १९४० रोजी वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या वस्तू प्रदर्शनात मांडल्या जाऊ नयेत म्हणून घरच्यांनी त्या जवळजवळ सर्व नष्ट केल्या आणि थडग्यावर काँक्रीट घातले. हे सारे मी पडदा मिटल्यावर सांगितले, कारण पुस्तिकेत उंची आणि बुटाचे माप एवढेच दिले आहे. सांगून झाल्यावर मंडळींनी तो वृत्तपट पुन्हा लावायला सांगितला आणि दुसऱ्या वेळी कुणी उंचीविषयी बोलले नाही. एका गृहस्थांनी त्याच्या चालण्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले की, हा पाय टाकण्याआधी जमीन पाहतो. खरोखरच तो प्रत्येक पावलाआधी जमीन पाहतो.

संच विकत घेणाऱ्यांसाठी आता काही व्यवहाराच्या गोष्टी. विक्रेत्याने डिस्कच्या क्षेत्रसंकेताचा, म्हणजे ती कोणत्या भूभागातील प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या क्रमांकाचा, उल्लेख वेष्टनावर केलेला नाही. भारताचा संकेत ५ आहे आणि आमच्या प्लेअरने पहिली डिस्क साफ नाकारली. संगणकाच्या ड्राइव्हवर संकेत बदलता येतो, परंतु तो पाचच वेळा बदलता येतो आणि मग कायमचा ठरतो, तेव्हा घरातील मुलांच्या हाती हे काम देऊ नये. विक्रेत्याला लिहिल्यावर तिच्या बदली डिस्क आली, पण त्यात दीड महिना गेला. उपशीर्षके नाहीत. १९३० मधील अमेरिकन बोलणे, वर खरखर आणि वर तो वाढलेला वेग, यांमुळे इंग्रजी उत्तम समजणाऱ्यांनाही पहिली दहा मिनिटे कष्ट पडतात. आम्ही शेवटी प्रत्येक लघुपट आधी स्वतः पाहून त्याचा दहा ओळींचा मराठी गोषवारा लिहिला आणि सुरुवातीला वाचून दाखवला. ज्या वाचनालयांना हवा असेल त्यांना तो आनंदाने देऊ. तिसऱ्या डिस्कमधील काही चित्रांच्या कडा कापलेल्या आहेत, कारण ती घरगुती सोळा मिलिमीटर प्रतींवरून घेतलेली दिसतात, आणि काही ठिकाणी चित्र पाण्यासारखे हलते. काकांच्या मते त्या मूळ प्रतींना उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असणार, कारण ॲसिटेटची फिल्म आकसू लागली की असाच वास सुटतो आणि चित्र असेच हलते. एकेक डिस्क सुटी मिळत असेल तर दुसरी आधी घ्यावी, मग पहिली. तिसरी घ्यावी, परंतु मुलांना दाखवायची असेल तर मोठ्या माणसाने शेजारी बसावे आणि माणसांची माहिती आधी काढून ठेवावी.

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली असताना, आमच्या गल्लीत पस्तीस वर्षे शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला थांबवले. त्या एरवी बैठकीत बोलत नाहीत. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा तुकडा पुन्हा लावावा आणि आवाज पूर्ण बंद ठेवावा, असे त्यांनी सांगितले. दिवे पुन्हा मालवले. आवाजाशिवाय ते पन्नास सेकंद फार मोठे वाटले, आणि चपला नीट जोडून ठेवल्याचे कित्येकांना त्या वेळी पहिल्यांदाच दिसले. चौथ्या वेळी दोरा गेला तेव्हा मावशी उठून चादरीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ओठांनी ओलं करते म्हणत होता की तो मघाशी. ओलं नाही करत ओ, दातानं तोडतीय बघा. टोक फुसकारलंय म्हणून जाईना झालंय, मीपण असंच करते." आम्ही तुकडा मागे नेला आणि एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. तिच्या झग्यावर दोऱ्याचा एक बारीक तुकडा पडलेला दिसत होता.